बुधवार-शुक्रवारच्या संध्याकाळी घरांना परत द्या : पंच कमिटीला आणि मंडळीला खुले पत्र

प्रति,
पंच कमिटीचे सभासद, महिला मंडळ, तरुण संघ आणि मंडळीतली सगळी कुटुंबं यांस,

ख्रिस्तात सलाम.

येत्या वार्षिक सभेपुढे नव्या वर्षाचं कॅलेंडर मंजुरीला येणार आहे. त्याचा कच्चा मसुदा सेक्रेटरीसाहेबांनी माझ्याकडे, म्हणजे तुमच्या पाळकाकडे, पाठवला. मंगळवारी उपास-प्रार्थना, बुधवारी शास्त्राभ्यास, गुरुवारी महिला मंडळ, शुक्रवारी पुन्हा प्रार्थनासभा, शनिवारी तरुण संघ आणि गायनाचा सराव. यंदा त्यात दोन गोष्टींची भर आहे : महिन्यातून एकदा रात्रभराची प्रार्थना आणि रविवारी संध्याकाळी तरुणांसाठी वेगळी उपासना, ड्रम आणि कीबोर्डसकट. सोमवार तेवढा मोकळा दिसतो, पण त्या दिवशी कमिटी बसते.

मसुदा करणाऱ्यांच्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. उपस्थिती घटली आहे. गावात भाड्याच्या हॉलमध्ये नव्या फेलोशिपा सुरू झाल्यात, तिथे संगीत जोरात असतं, आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना होते, आपली पोरं तिकडे जातात. तेव्हा आपणही काहीतरी करायला हवं, आणि काहीतरी म्हणजे आणखी एक कार्यक्रम, असं आपलं ठरून गेलेलं आहे. माझी मागणी नेमकी उलटी आहे. असलेल्यातले कार्यक्रम कमी करा. कमिटीत बोललो असतो तर मिनिटबुकात एक ओळ येऊन विषय संपला असता, म्हणून हे सगळ्यांना उद्देशून लिहितो आहे.

आपल्याकडे हा विश्वास आला कसा, ते आधी आठवू या. अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं नगरला १८३१ मध्ये पडलं, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघालं, हे आपण शताब्दीच्या स्मरणिकांत छापतो. पण खेड्यापाड्यांत शुभवर्तमान पोचवलं ते बायबल बायांनी आणि शाळामास्तरांनी. बायबल बाई कुणाच्या तरी ओसरीवर बसायची, घरातली बाई धान्य निवडत असायची, आणि बोलता बोलता एखादी गोष्ट सांगून व्हायची. मास्तर दिवसा पोरांना बाराखडी शिकवायचे आणि रात्री त्याच खोलीत कंदिलाच्या उजेडात भजन करायचे. चर्चच्या इमारती पुष्कळ ठिकाणी नंतर आल्या.

ना. वा. टिळकांची पदं आपण दर रविवारी म्हणतो. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० मध्ये. एवढा मोठा कवी, एवढा वक्ता, पण स्वतःच्या बायकोपुढे त्यांचं वक्तृत्व कामाला आलं नाही. मधल्या काळात ताटातूट झाली, नातेवाइकांचा राग झाला, मग पुन्हा संसार एकत्र सुरू झाला. कुणाच्या हातचं खायचं, कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, असल्या रोजच्या प्रश्नांतून त्या बाई आपली वाट आपण काढत गेल्या. त्यांचं मन पालटलं ते संसार करता करता. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ ही ख्रिस्ताला मानणाऱ्यांची मोकळी संगत मांडली. संस्था आणि विश्वास यांत अंतर पडू शकतं हे त्या माणसाने फार लवकर ओळखलं होतं, असं माझं मत आहे.

केडगावच्या पंडिता रमाबाईंनी आयुष्याच्या उत्तरार्धात हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं शास्त्र मराठीत आणायला घेतलं. प्रकृती साथ देत नसताना त्या काम करत राहिल्या. १९२२ मध्ये त्या वारल्या, भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. फार न शिकलेल्या साध्या बायांना शास्त्र कळावं, हा त्यांचा हेतू. अशी बाई ते वाचणार कुठे? घरीच ना.

शास्त्रातही हेच आहे. बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवायला सांगितल्यात, त्या घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या विश्वासाबद्दल प्रेषित पौल लिहितो तेव्हा तो त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची नावं घेतो. अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्या तर घरातच मंडळी भरायची.

गेल्या पावसाळ्यात मळ्यातल्या एका घरी आजारी माणसाला भेटायला गेलो होतो. दिवेलागणीची वेळ. पाळक आले म्हणजे प्रार्थना पाळकच करणार, हे सगळ्यांनी धरलेलं. सुनेने डोक्यावर पदर घेतला, टीव्ही बंद झाला, नातवाला नीट कपडे घालायला आत पिटाळलं. आजी म्हणाल्या, “पाळकसाहेब, तुम्ही बसा. आमची वेळ झाली.” आजींना अक्षर येत नाही, नात वाचते. त्या दिवशी तेविसावं स्तोत्र होतं : “परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.” पुढे पोरीने घाईत एक ओळ गाळली. आजींनी डोळे न उघडता ती ओळ म्हणून दाखवली आणि तिला मागे जाऊन परत वाचायला लावलं. मग प्रार्थना. तीत आजारी मुलगा आला, गाभण गाय आली, सोसायटीचं कर्ज आलं. शेजारच्या घरातल्या, लग्न मोडलेल्या पोरीचं नाव आलं, ते घर ख्रिस्ती नाही तरी. आणि सकाळी सुनेला जास्तीचं बोलले त्याची माफी कर, असंही आजींनी देवाला सांगून टाकलं. सून शेजारीच बसलेली. तिने ‘आमेन’ जरा मोठ्यानेच म्हटलं.

त्या घरातला एक नातू फेलोशिपला जातो. जाऊ दे. तो परत येऊन आजीला तिथलं गाणं म्हणून दाखवतो, आणि आजी त्याला सांगतात की चाल बरी आहे पण शब्द फार कमी आहेत. मला त्या पोराची काळजी वाटत नाही.

काळजी वाटते ती दुसऱ्या घरांची. मी गेल्यावर जिथे सगळे एकमेकांकडे बघतात आणि म्हणतात, “पाळकसाहेब, तुम्हीच करा ना.” मोठ्याने प्रार्थना करणारं घरात कुणी नसतं. दर शुक्रवारी येणारी माणसं आहेत ही. रोज सकाळी व्हॉट्सॲपवर गुलाबाच्या फुलांसकट वचन पाठवणारीही हीच. मोबाइलवर मला राग नाही. रविवारी आजारी माणसाने अंथरुणावर पडून, किंवा एखाद्या बाईने भाजी निवडता निवडता उपासना ऐकली तर मला उलट बरंच वाटतं. पण वचन फोनवरून शंभर जणांना जातं आणि त्याच खोलीत बसलेल्या पोराला कुणी वाचून दाखवत नाही, हे मला समजत नाही.

आता एक अवघड गोष्ट. आपल्यातल्या बहुतेक घरांना ती माहीत आहे, पण आपण ती मोठ्याने बोलत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतलं. ख्रिस्ती माणूस बाहेर राहिला. म्हणजे ज्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, आणि बाप्तिस्मा घेतल्यावरही बरीच वर्षं भरता आलं नाही, त्यांच्या नातवाची जात सरकारच्या लेखी बाप्तिस्म्याच्या पाण्यात धुऊन निघाली. म्हणून कितीतरी घरांत शाळेच्या दाखल्यावर एक लिहिलेलं असतं आणि मंडळीच्या रजिस्टरात दुसरं. दहावीचा फॉर्म भरताना पोर विचारतं, “पप्पा, आपण नक्की कोण?”

दाखल्यावर जे लिहिलं आहे त्यासाठी मी कुणाला गुन्हेगार धरणार नाही. दोन एकर कोरडवाहू जमीन आणि पोरीची इंजिनिअरिंगची फी असलेल्या माणसाला व्यासपीठावरून खरेपणाचे धडे देणं सोपं आहे, महिन्याचा पगार चालू असलेल्याला तर फारच सोपं. पण पोराच्या त्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं, आणि ते बुधवारच्या शास्त्राभ्यासात मिळत नाही. ते बापाने जेवताना द्यायचं असतं : आजोबांनी बाप्तिस्मा का घेतला, काय मिळालं, काय गेलं, दाखल्यावर तसं का लिहावं लागलं, आणि रविवारी आपण तिकडे का जातो. एका बैठकीत ते सांगून होत नाही, अधूनमधून, वर्षानुवर्षं सांगावं लागतं. त्या वेळी बाप कुठे असतो? चर्चमध्ये खुर्च्या लावत असतो.

सख्ख्या भावांचंही तसंच. आपल्याच मंडळीत दोघे भाऊ आहेत. एक भजनाला साथ करतो, दुसरा अर्पणाची थाळी फिरवतो. बांधाच्या वादावरून काही पावसाळे त्यांचं बोलणं नव्हतं, तरी प्रभुभोजनाला एकाच रांगेत गुडघे टेकायचे. वेदीजवळ आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर, हा मत्तयातला भाग मी मुद्दाम वाचला. दोघांनीही मान डोलावली, प्रत्येकाने दुसऱ्यासाठी. पुढे धाकट्याच्या मुलीचा साखरपुडा ठरला. आदल्या दिवशी थोरली जाऊ आपण होऊन परात आणि पोळपाट घेऊन धाकटीच्या ओसरीवर जाऊन बसली आणि एवढंच म्हणाली, “किती माणसांचं करायचंय?” बांध अजून तिथेच आहे, सरकारी मोजणी व्हायची आहे, भाऊ एकमेकांशी मोजकंच बोलतात. पण पोरं दोन्ही घरी जेवतात. यात माझ्या उपदेशाचा किती वाटा, हे विचारू नका. त्या बाई त्या शुक्रवारी प्रार्थनासभेला आल्या नव्हत्या एवढं नोंदवून ठेवतो, कारण गैरहजेरीबद्दल कमिटीत कुणीतरी विचारलं होतं.

मार्काच्या सातव्या अध्यायात येशू परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ धर्मपंथीयांना, कुर्बानावरून झापतो. आईबापाला ज्याचा उपयोग झाला असता ते मी देवाला वाहिलं, असं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. ही पळवाट त्याला मुळीच चालत नाही. आपल्याकडेही साउंड सिस्टिमला मोठी देणगी द्यायची, दात्यांच्या पाटीवर नाव लावायचं, आणि आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या वर्षावर ढकलायचं, असं घडतं. नाव विचारू नका. एकच असतं तर हे लिहिलंही नसतं. आणि कुर्बान फक्त पैशाचं होतं असं थोडंच आहे? संध्याकाळींचंही होतं. “आज प्रार्थनासभा आहे” म्हटलं की म्हाताऱ्याशेजारी बसायला नको, पोराचा अभ्यास घ्यायला नको, बायकोशी अर्धवट राहिलेलं भांडण पुरं करायला नको. देवाच्या कामाला कोण नाही म्हणणार?

बायांचं तर विचारूच नका. प्रत्येक कार्यक्रमामागे चहा असतो आणि चहामागे दोघी-तिघी. वक्ते पुण्याहून आले की जेवण असतं. हे सगळं करून घरी गेल्यावर पुन्हा स्वयंपाक असतोच. महिला मंडळाच्या भगिनींनी एकदा खुर्च्या लावणं आणि चहा करणं यांची अदलाबदल करायची सूचना केली होती. त्या सूचनेवर कमिटीत मोठा हशा पिकला. विनोद नेमका कशात होता ते मला अजून कळलेलं नाही.

आमच्या घरचंही थोडं सांगतो. जेवणाआधीची प्रार्थना आमच्याकडे पाळकीणबाई करतात. कारण सरळ आहे, माझी लांबते आणि भाकरी निवते.

तर माझं म्हणणं असं. रविवारची उपासना, मुलांची शब्बाथ शाळा आणि गायनाचा सराव जसे आहेत तसे राहावेत. गायनाला हात लावू नका, तेवढ्या एका कारणासाठी काही लोक अजून चर्चमध्ये येतात. मंगळवारची उपास-प्रार्थना आजाऱ्यांसाठी आहे, तीही राहू दे. महिला मंडळाने आपलं आपण ठरवावं. बुधवार आणि शुक्रवार मात्र बंद करा. रात्रभराची प्रार्थना सुरूच करू नका. तरुणांची वेगळी उपासना नको. ड्रम सकाळच्या उपासनेत आणा आणि म्हाताऱ्यांनी थोडं सोसावं. टिळकांच्या काळी टाळ-मृदंगावरचं ख्रिस्ती कीर्तनसुद्धा काहींना रुचलं नसणारच. नातू आणि आजी वेगवेगळ्या वेळी देवाकडे जायला लागले, की नातवाने गाळलेली ओळ सांगायला कोण असणार?

मोकळ्या झालेल्या दोन संध्याकाळी चर्चला कुलूप असेल. मीसुद्धा कुणाच्या घरी न बोलावता जाणार नाही. ज्यांना घरी सुरुवात कशी करायची हे कळत नाही, त्यांच्याकडे बोलावणं आल्यावर एकदा येईन, पण प्रार्थना मी करणार नाही. घरातल्या कुणीतरी करायची. अडखळत झाली तरी चालेल, दोन वाक्यांची झाली तरी चालेल, गाईचं नाव आलं तरी चालेल. चहा चालेल, जेवण नको. नवरा दारू पितो, घरात मारहाण आहे, अशा घरी “एकत्र बसा” एवढ्याने भागत नाही हे मला कळतं. तिथल्या बाईने संध्याकाळी, रात्री, कधीही पाळकघराचं दार वाजवावं. तिला घराबाहेर बसायला जागा लागते, आणि चर्चचं कुलूप तिच्यासाठी नाही. किल्ली पाळकीणबाईंकडे असेल.

खजिनदारसाहेबांचा आक्षेप मला आत्ताच ऐकू येतो. दोन सभा बंद म्हणजे दोन थाळ्या बंद. वर असेसमेंट, म्हणजे वरच्या संस्थेला द्यायची वर्गणी, भरायचं आहे, छपराचं काम निघालं आहे, आणि माझा पगारही त्यातूनच निघतो. खरं आहे. पण आठवड्याच्या सभांची थाळी काय भरते हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. नाणी मोजायला वेळ जास्त लागतो. आपली खरी मिळकत रविवारच्या पाकिटांतून आणि कापणीच्या सणातून होते. गेल्या कापणीच्या लिलावात एका गावठी कोंबड्यावर बोली चढत गेली, घेणाऱ्याने तो तिथेच परत दान दिला, पुन्हा बोली लागली, पुन्हा परत आला. शेवटी कोंबडाच वैतागून टेबलावरून उडाला आणि वेदीमागे जाऊन बसला. असा लिलाव दरवर्षी व्हावा, माझी मुळीच हरकत नाही. सूचना एवढीच की त्या रकमेचा ठरावीक भाग म्हाताऱ्यांच्या डोळ्यांसाठी आणि दवाखान्यासाठी बाजूला काढावा, आणि तो कुणाला दिला याची पाटी लावू नये.

दुसरा आक्षेप : लोक मोकळ्या संध्याकाळी प्रार्थना करणार नाहीत, मालिका बघतील. काही घरांत तसंच होईल. पण एकत्र बसून मालिका बघणारं कुटुंबही एकाच खोलीत असतं, आणि जाहिराती लागल्या की माणसं बोलतात. मी तेवढ्यावर सुरुवात करायला तयार आहे.

तिसरा आक्षेप कुणी तोंडावर करणार नाही म्हणून मीच लिहितो : पाळकाला काम कमी हवंय. वर्ष-दोन वर्षांत माझी बदली होईल, नवे पाळकसाहेब येतील आणि त्यांना रिकामं कॅलेंडर दिसलं की ते भरावंसं वाटेल. म्हणून हे सभेत ठराव म्हणून व्हावं, माझ्या तोंडी शब्दावर राहू नये. ठराव एका वर्षापुरता करा. पुढच्या वार्षिक सभेत आढावा घ्या, आणि घेताना उपस्थितीचं रजिस्टर उघडू नका. शब्बाथ शाळेच्या मुलांना विचारा, घरी कोण वाचतं आणि कोण प्रार्थना करतं. मुलं खरं सांगतात.

मी सभेचा अध्यक्ष असल्याने मला ठराव मांडता येत नाही. सूचक आणि अनुमोदक हवे आहेत. ज्यांना पटलं असेल त्यांनी येत्या रविवारपर्यंत सेक्रेटरीसाहेबांकडे नावं द्यावीत. ज्यांना पटलं नसेल त्यांनीही द्यावीत, त्यांना बोलायला पुरेसा वेळ ठेवला आहे. सभा उपासना संपल्यावर लगेच सुरू होईल आणि लांबेल, तेव्हा लहान मुलांसाठी काहीतरी खायला बरोबर आणावं. त्या दिवशीचा चहा तरुण संघातली मुलं करणार आहेत.

ख्रिस्तात तुमचा,
पाळक